जागचं हलायचं नाही

सहलीची तिकिटं काढताना आत्यानं मला विचारलं नव्हतं, आणि बाबांना विचारून उपयोग नव्हता. आई गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. रुसवा नव्हता, राग नव्हता. समोर ठेवलेलं जेवायचे, अंघोळ करायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, म्हणाले सगळं ठीक आहे, जरा बाहेर घेऊन जा. म्हणून ही सहल. शहराबाहेर एका टेकडीवर जुन्या राजघराण्याचा बुरुजांचा राजवाडा आहे, त्याच्या मागे मोठी बाग. सकाळी बस निघणार, संध्याकाळी परत.

मी जन्माची घाबरट. दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो. आत्या मला भित्री भागूबाईच म्हणते. पण आई गेली तेव्हापासून माझं दचकणंही थांबलं होतं. पाठीमागे फुलदाणी पडून फुटली, तर मी शांतपणे जाऊन केरसुणी आणली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर निघाली. खंबीर कसली, आत कापूस ठासून भरल्यासारखं झालं होतं. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही विचाराल की मी ओरडले कशी नाही.

आणखी एक सांगायला हवं. बाबा आणि मी, दोघंही वाट चुकणारे. बाजारात, स्टेशनवर, मोठ्या दुकानांत आम्ही हमखास हरवायचो. शेवटी आईनं दोघांना एकच शिस्त लावली. चुकलात की जागचं हलायचं नाही. हाका मारायच्या नाहीत, हाकेच्या मागे माणूस आणखी भरकटतो. गप उभं राहायचं, मी येते. आणि ती यायची. नेहमी मागून यायची आणि मनगट धरायची, अंगठा बरोबर नाडीवर. बोटं निसटतात, मनगट निसटत नाही, असं तिचं म्हणणं. "चला, माझी दोन वासरं," म्हणायची आणि आम्हाला ओढत न्यायची.

राजवाड्याच्या दारात आम्हा सगळ्यांना बुटांवरून चढवायला जाड करड्या कापडाच्या खोळी दिल्या. आतली जमीन लाकडी आणि फार जुनी होती.

"पाय उचलायचे नाहीत, घसटत चालायचं," गाईड बाई म्हणाल्या.

"म्हणजे तिकीट काढून फरशी पुसायची," आत्या म्हणाली. "मग घरी काय वाईट होतं?"

चार माणसं हसली. बाबा हसले नाहीत. त्यांच्या खोळी मी खाली बसून चढवल्या. त्यांनी लहान मुलासारखा एकेक पाय पुढे केला.

त्या खोळींचा आवाज मला अजून ऐकू येतो. फस्स… फस्स… इतकी माणसं चालत होती, पण एकाचंही पाऊल वाजत नव्हतं. सगळा घोळका मिळून एकच काहीतरी अंग ओढत चाललंय असं वाटत होतं. दालनांना मेणाचा आणि बंद कपाटाचा वास होता. पलंग, आरसे, तलवारी. मी बघत होते आणि काही दिसत नव्हतं.

शेवटच्या दालनात एक भिंतभर तैलचित्र होतं. राजा, राणी आणि त्यांची मुलं बागेत उभी. सगळी समोर बघत होती. सगळ्यात धाकटं मूल तेवढं कडेला, चित्राच्या अगदी चौकटीपाशी. त्याचा हात कुणीतरी धरला होता. धरणारीचा कोपरापर्यंतचा हात तेवढा काढलेला, बाकीची बाई चौकटीबाहेर. तिची बोटं मुलाच्या बोटांत एकेक करून गुंफलेली होती. आणि ते मूल तिच्याकडे, म्हणजे जिथे काहीच नव्हतं तिकडे, मान वर करून बघत होतं. खूश होतं.

"ही दाई," गाईड बाई म्हणाल्या. "मागच्या बागेत झाडांचा भूलभुलैया आहे. राजाची मुलं तिथे खेळायची आणि वाट चुकायची. त्यांना शोधून आणायचं, हेच हिचं काम. पायात अशाच खोळी घालायची, म्हणजे चाहूल लागून मुलं पळायला नकोत."

"नुसता हातच का पण?" मी विचारलं.

"नोकरमाणसांचं तोंड काढायची पद्धत नव्हती."

"माझ्या दिराच्या लग्नाच्या फोटोंत मी अशीच आहे," आत्या म्हणाली. "बशी पुढे करणारा हात. बाकी आत्या गायब."

घोळका पुढे सरकला. बाबा सरकले नाहीत. चित्रासमोर उभे राहिले, त्या मुलासारखीच मान वर करून. मी बाही धरून ओढलं तेव्हा आले.

बागेत आम्ही डबे उघडले. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. आत्याचे गुडघे दुखत होते, ती बाकावर बसली आणि पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आमचे फोन, सगळं तिनं मांडीवर घेतलं.

"जा, बापलेक भूलभुलैया बघून या," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "बोलत राहा गं त्याच्याशी. काहीही बोल. भिंतीशी बोललं तरी भिंत कधीतरी पोपडा टाकते."

भूलभुलैया म्हणजे माणसापेक्षा उंच, सरळ छाटलेल्या दाट झाडांच्या भिंती. मधून अरुंद वाट, वाटेवर बारीक खडी. आत गेल्यावर बाहेरचे आवाज कुणी दार लोटावं तसे बंद झाले. ओलसर पानांचा, मुळांचा वास येत होता. मी बोलत राहिले. डब्यातली भाजी खारट झाली होती म्हणाले, बसमधल्या आजोबांनी येताना सबंध वेळ घोरून काढला म्हणाले. बाबा शेजारून चालत होते. माझ्या बुटाची नाडी सुटली, मी खाली बसून ती बांधली, उठले, तर बाबा नव्हते.

मी पुढच्या वळणावर गेले. रिकामं. मागे आले. तेही रिकामं. मग थांबले. चुकलं की जागचं हलायचं नाही. विचार करून नाही थांबले, पायच थांबले. आणि उभी राहिल्यावर लक्षात आलं, की बाबाही असेच कुठेतरी थांबले असणार. झाडांच्या पलीकडे, कदाचित हातभर अंतरावर, गप. दोघंही उभे. आणि आम्हाला शोधायला येणारी जी होती, ती आता नव्हती.

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी पानं बघत उभी राहिले. उजेड भिंतींच्या वरच्या कडेपर्यंत चढला आणि खाली सावली साचली. लांबवर बाग बंद होण्याची घंटा वाजली. एक हाक मारली असती तर झालं असतं. तोंड उघडलंसुद्धा. पण हाका मारायच्या नाहीत.

मग तो आवाज आला. फस्स… फस्स…

खडीवर पाऊल पडलं की करकरतं. हे करकरत नव्हतं. पाय न उचलता, घसटत, सावकाश कुणीतरी येत होतं. खोळी तर आम्ही सगळ्यांनी दारातल्या टोपलीत टाकल्या होत्या. आवाज झाडांच्या पलीकडून मी उभी होते तिथवर आला. थांबला.

आणि पलीकडून बाबांचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी. घोगरा, गंजलेला.

"आलीस…? मी हललो नाही बघ."

थोड्या वेळानं बाबांची पावलं करकरत निघाली आणि त्यांच्या शेजारून ते घसटणं. दोन्ही लांब लांब गेली. मी मनाशी म्हटलं, आत्या आली असेल. गाईड बाई असतील. बाबा बोलले, बाबा बोलले, एवढंच डोक्यात घुमत होतं, त्यापुढे काही सरकत नव्हतं.

मग ते घसटणं परत आलं. एकटंच. या वेळी माझ्या बाजूनं, माझ्या वाटेवर, पाठीमागून.

मी वळले नाही. खरं सांगते, मी वाट बघत होते. आई नेहमी मागूनच यायची. माझा उजवा हात जरासा मागे गेला, मनगट पुढे करून, लहानपणापासूनच्या सवयीनं. बंद कपाटाचा वास आला. मेणाचा. माझ्या मनगटाला काही लागलं नाही. काहीतरी गार आणि कोरडं तळव्यावरून खाली सरकलं आणि माझ्या बोटांच्या मधे शिरलं. एक बोट. दुसरं. घाई नव्हती त्याला. तिसरं.

आई असं धरत नाही, एवढा एकच विचार माझ्या मनात आला, अगदी सपाट, परीक्षेच्या उत्तरासारखा. आई मनगट धरते.

मी हात हिसडला आणि जागची हलले. आईचा नियम मी पहिल्यांदाच मोडला. वाट शोधली नाही, झाडांच्या भिंतीत खांदा घातला आणि फांद्या मोडत, तोंडावर ओरखडे घेत बाहेर पडले. मागून कुणी धावलं नाही. आवाज जिथे थांबला होता तिथेच थांबून राहिला.

बाकावर बाबा बसले होते आणि बोलत होते. आत्या एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं त्यांना पाणी देत होती.

"बोलला गं दादा," ती मला म्हणाली. "चहा मागितला त्यानं. आणि तू काय, मांजराशी भांडून आलीस?"

"बाबांना कोणी आणलं?"

"एकटाच आला. असा हात जरा लांब धरून, फिरायला निघाल्यासारखा."

"एकटा कसा?" बाबा म्हणाले. चेहरा उजळला होता. "तुझी आई आली होती. येणारच ना. मी हललो नाही."

आत्यानं मला डोळ्यांनी खुणावलं. गप्प राहा. म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते.

"कसा धरला होता हात, बाबा?"

त्यांनी आपलाच एक हात दुसऱ्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून गुंफून दाखवली. "असा," म्हणाले. मी त्यांच्या मनगटाकडे बघत राहिले.

बसमध्ये बाबा खिडकीशी सरकून बसले. मी शेजारी बसायला गेले, तर म्हणाले, "तू आत्याजवळ बस."

आता बाबा बोलतात. भाजी स्वतः निवडून आणतात, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात, फोनवर आत्याची नक्कल करून आत्यालाच ऐकवतात. आत्या सगळ्यांना सांगत सुटली आहे की तिच्या सहलीनं दादाला माणसांत आणलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. बरेचदा सांगून टाकावं असं वाटतं, की बाबा, ती आई नव्हती. वाक्य तयार असतं. पण ते बोलायचं म्हणजे बाबांना पुन्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवायचं. मग मी चहा ठेवते.

दुपारी ते झोपतात तेव्हा मी दारातून बघते. एक हात पलंगाखाली लोंबत असतो. झोपलेल्या माणसाची बोटं सैल पडून एकमेकांना टेकतात. त्यांची टेकत नाहीत. प्रत्येक दोन बोटांच्या मधे आणखी एका बोटाएवढी जागा असते.

मी घरात आता कुठे उभी राहत नाही. स्वयंपाक करतानासुद्धा ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहते, केस विंचरते तेही चालता चालता. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. काल भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाले,

"सारखी अशी फिरत जाऊ नकोस गं. ती म्हणत होती, पोरगी क्षणभर एका जागी थांबत नाही… मग मला सापडणार कशी?"