माऊस तपासायचा राहिला

काकूच्या गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची, पत्रिका छापायला ज्योत्स्ना रुपचंदशेठच्या छपाईच्या दुकानात शिरली, तेव्हा प्रेमाबिमाचा विचार तिच्या डोक्यात असण्याचं काही कारणच नव्हतं. रडून डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. आणि कॉम्प्युटरसमोर बसलेला तो मुलगा... डाव्या हाताची बोटं भराभर चालवत होता आणि मध्येच उजवा, कोपराखाली तुटलेला हात कीबोर्डवर टेकवत होता.

"दुखत नाही?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"दुखतं ना. पण मराठीतली निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय येत नाहीत." त्यानं वर पाहिलं. "काकूंचं नाव सांगा. सावकाश सांगा, मला घाई नाही."

त्याचं नाव वाल्मीक. हात अमळनेरच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात गेलेला. ज्योत्स्ना प्रूफ बघायला दुसऱ्या दिवशी आली, ते ठीकच. पण आठवड्यानं पुन्हा आली.

"आता कोण गेलं?" त्यानं घाबरून विचारलं.

"कोणी नाही. तहान लागली होती."

"समोर रसवंती आहे की."

"माहितीये," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. तो हसला. मग दोघंही उगाचच पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले.

हसणं थोडेच दिवस टिकलं. दाबून दाबून त्याच्या थोट्या हाताची कातडी फाटली, काम रेंगाळायला लागलं. समाजाच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका दुकानात आली होती. ती वेळेत झाली नाही तर दुसरा माणूस बघतो, असं शेठनी तोंडावर सांगितलं. घरी तिनं वडिलांपुढे, आबांपुढे, धीर करून वाल्मीकचा विषय काढला, तेव्हा आबांनी सुपारी कातरायला घेतली.

"पोरगं चांगलं शे. पन त्यानं काम टिकनं, ते दखू. नही ते दोंडाईचानं स्थळ शेच."

म्हणजे वाल्मीकचं काम टिकलं तरच होकार, आणि सगळं त्या पुस्तिकेवर येऊन ठेपलं. ज्योत्स्ना कॉम्प्युटरच्या कोर्सला शेवटच्या वर्षाला होती. कळ दाबली की विंडोज पडद्यावरच्या खिडकीला एक निरोप धाडतं आणि कळ सोडली की दुसरा, हे ती नुकतीच शिकली होती. तिनं मध्येच निरोप अडवणारा प्रोग्राम लिहिला. शिफ्ट नुसती एकदा दाबून सोडायची. सोडल्याचा निरोप प्रोग्राम दाबून ठेवणार आणि पुढचं अक्षर उमटलं की मगच पोचवणार. दुखरा हात लावायची गरजच नाही.

वाल्मीकनं एका हातानं एक पान सरसर टाईप केलं आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?"

"आता... तहान लागली म्हणून येणार नाहीस ना?"

"खुळाच आहेस!" कान लाल झाले तिचे.

पुस्तिका संपत आली होती, तेव्हा ते घडलं. वाल्मीकनं शिफ्ट दाबून सोडली, मग काही दुरुस्त करायचं आठवलं म्हणून माऊस उचलून पार पहिल्या पानावर क्लिक केलं. प्रोग्रामनं शिफ्ट धरूनच ठेवली होती. शिफ्टसकट क्लिक झालं, मधला सगळा मजकूर निवडला गेला आणि त्याची नजर हस्तलिखितावर असताना पुढच्या अक्षरानं तो पुसूनही टाकला. जळगावची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून दर शब्दाला सेव्ह करायची त्याला सवय. त्यानं सेव्ह केलं. लक्षात आलं तेव्हा जवळजवळ सगळी पुस्तिका गेली होती आणि अनडू करूनही परत येईना.

शेठनी त्याला तिथल्या तिथे हाकललं.

ज्योत्स्नाला कळलं तेव्हा तो एसटी स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसला होता. मावशीकडे निघाला होता. ती धावत गाडीत चढली.

"चूक माझी आहे. माऊस तपासायचा राहिला माझ्याकडून."

"राहू दे. दया करायला गेलीस... होतं असं." त्यानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"दया?" ती इतक्या मोठ्यानं बोलली की पुढची माणसं वळली. "दया असती तर चार दिवस सावकाश तपासलं असतं! मला घाई झाली होती, वाल्मीक. आबा दोंडाईचाला होकार कळवतील म्हणून... तू मला हवा होतास म्हणून!"

त्याचे डोळे भरून आले होते.

"नको म्हण, मी उतरते."

"माझ्याकडे आता काही नाही, ज्योत्स्ना."

"ते नाही विचारलं."

"...नको कसं म्हणू?"

कंडक्टरनं दोरीला हात घातला. "ताई, येता का उतरता?"

आज उतरले नाही तर आबांचं दार पुन्हा उघडायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाल्मीक तिला जागा करत हळूच खिडकीकडे सरकला.

"एक धुळे द्या," ती म्हणाली आणि बसली.

एरंडोल येईपर्यंत ती आबांसाठी रडत होती. त्यानं तिला गप्प केलं नाही.