रुमालाखालचा सौदा

लातूरच्या गंजगोलाई बाजारात, भर रस्त्यात महानंदाच्या पिशवीत कुणीतरी तोंड घातलं. तिला वाटलं, खिसेकापू. मागं वळून पाहते तर वळू. अंग चुन्यानं पोतारलेल्या भिंतीसारखं पांढरंफेक, तोंड तेवढं काळं, आणि त्या काळ्या तोंडात तिच्या पुस्तकाची पानं.

"सोड रे वानेऱ्या, सोड," दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस धावत आला. उंच, उन्हानं रापलेला, खांद्यावर लाल रुमाल. त्यानं वळूच्या जबड्यात हात घालून पुस्तक ओढलं. पुठ्ठा आला, थोडी पानं आली, बाकीचं वळूनं डोळे मिटून गिळलं.

"लई खाल्लं का बाई?"

महानंदानं उरलेली पानं चाळली. "बॅलन्सपासून पुढचं सगळं."

"पचंल का ओ त्याला?"

"माझ्या वर्गातल्या पोरांना पचत नाही. त्याचं त्यालाच विचारा."

तो हसला. हसू दाबायला त्यानं रुमाल तोंडाशी नेला, पण डोळ्यांतलं काही त्याला लपवता आलं नाही.

वळूची तरी काय चूक म्हणावी. दुष्काळ असा, की गुरांना कडबा दिसेनासा झालेला. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता नळाला पाणीसुद्धा येईल. आले ते साहेब. एकेका भाड्याच्या घरावर ओल्या रंगाची पाटी चढली, आत टेबलं आली, टेबलांवर इंग्रजी कागद आले. त्या कागदांच्या मागं नोकऱ्या होत्या. म्हणून बीकॉम झालेली महानंदा आपल्या आत्याच्या खानावळीच्या ओसरीवर पोरांना व्यापारातलं इंग्रजी शिकवायची आणि पोरं पुढच्या जन्मी शिकू अशा बेतानं जांभया द्यायची.

"दुसरं पुस्तक आणून देतो," तो म्हणाला.

"इथं मिळत नाही. पुण्याहून मागवलं होतं."

तो पुठ्ठ्याकडं पाहत राहिला. मग जरा अडखळत म्हणाला, "बाई… त्यात वर्किंग कॅपिटल असतंय का?"

गुराची दोरी धरलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकून महानंदा थबकली. मग त्यानं सांगितलं. नाव भीमाशंकर, गाव देवणी. चुलता ईश्वरप्पा गुरांच्या बाजारात दलाल, हाही त्याच कामात. आता तिथं देवणी जातीची जनावरं जपायचा संघ निघालाय. वानेऱ्याला साहेबांना दाखवायलाच इथं आणलाय. संघाला चिटणीस हवाय, पण मुलाखत घेणारे साहेब हिशेबाचं सगळं इंग्रजीत बोलतात.

"काम झालं न्हाई तर बिदरला जाईन. तिकडं दलाली बरी चाललीय म्हणतात."

"वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, होतं की," महानंदा म्हणाली. "पण ते पान आता तुमच्या वळूच्या पोटात."

"पुस्तकातलं गेलं. तुमच्या डोक्यातलं तर आसंल की…"

तिनं उरलेली पानं पिशवीत टाकली. चालता चालता खानावळीचा पत्ता तेवढा सांगितला.

*

केवळाबाईची खानावळ म्हणजे लातुरातल्या एकट्या माणसांचं माहेर. केवळाबाई ही महानंदाची आत्या, आणि आईबापांमागं तीच सगळं. शाळेत गेली ती दाखल्यापुरती, पण मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, आडत्यांना तिनं कधी फाजील बोलू दिलं नाही. भीमाशंकर दुसऱ्याच दिवशी ओसरीवर येऊन बसला तेव्हा तिनं त्याला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं तो देवणीच्या बाजारात गाईकडं पाहत असेल.

"शिकायला आलास की जेवायला?"

"दोन्ही, अक्का."

"मग जेवणाचं आधी. उपाशी डोक्यात इंग्रजी शिरत न्हाई."

येसराची आमटी आणि भाकरी पोटात गेली, मग धडा सुरू झाला.

"अ‍ॅसेट म्हणजे आपल्याकडची, कामाला येणारी मालमत्ता," महानंदा म्हणाली.

"म्हंजे वानेऱ्या."

"हो. आणि लायबिलिटी म्हणजे आपल्याला जे भागवावंच लागतं ते."

भीमाशंकर विचारात पडला. "वानेऱ्याचा चारा."

"बरोबर."

"मग दुष्काळात एकच जनावर दोन्ही बाजूंना मांडायचं व्हय?"

महानंदाला हसू आलं. वर्गातल्या पोरांना तिनं ताळेबंदाच्या दोन बाजू किती वेळा समजावल्या होत्या. त्यांना कळायला एक वळू हवा होता.

मुलाखतीसाठी त्यानं लातुरातच मुक्काम टाकला, आणि असं रोजचंच सुरू झालं. गुडविल म्हणजे दुकानाचं नाव, हातात धरता येत नाही पण विकताना त्याची किंमत होते, असं तिनं सांगितलं की तो म्हणायचा, "मग आमचं अख्खं देवणी गाव गुडविलच हाय." लिक्विड अ‍ॅसेट म्हणजे पटकन पैसा करता येईल अशी वस्तू, हे ऐकून तो टँकरच्या दिशेनं बघत म्हणाला, "सध्या तर पाणीच खरं." स्लीपिंग पार्टनर हा शब्द निघाला तेव्हा मात्र महानंदाची जीभ अडली. तिचे कान तापले. आतून केवळाबाईच बोलली.

"धंद्यात पैका घालून घरी झोपतो तो. आमचे हे तसेच होते. खानावळ माझी, झोप त्यांची."

ओसरीवर जेवणारी माणसं ठसका लागेपर्यंत हसली.

एका संध्याकाळी घसाऱ्याचं चाललं होतं. "वस्तू वापरली की जुनी होते," ती म्हणाली. "म्हणून दर वर्षी तिची किंमत थोडी उतरवून मांडायची. ते डिप्रिसिएशन."

"आम्ही त्यासाठी जनावराचं तोंड उघडून दात बघतो." तो खाली मान घालून रुमालाची दशी पिळत होता. "पण बाई… एखाद्याचं उलटं असतंय का? रोज बघावं आन् रोज किंमत वाढतच जावी, असं…"

बाहेर कुठंतरी टँकर आल्याचा गलका झाला. तिला तो ऐकूही आला नाही.

"असतं," ती हळूच म्हणाली. "त्याला अ‍ॅप्रिसिएशन म्हणतात."

"लई अवघड शब्द हाय."

"सवय झाली की येतो."

"महानंदे," आतून हाक आली, "तव्यावरची भाकरी बघ. तिची किंमत उतरायला लागलीय."

तिनं एकदा त्याला विचारलं होतं, "तुमच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात म्हणे. दाखवा की मला."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "ते असं गंमत म्हणून दाखवत न्हाईत बाई. खरा सौदा करायचा असंल तरच रुमालाखाली हात घालायचा. पाची बोटं मिटली की पक्कं. मग मागं फिरता येत न्हाई."

"आणि हात घातलाच नाही तर?"

"तर दुसऱ्यानं समजून घ्यायचं."

*

मुलाखत तोंडावर आली, आणि त्याच आठवड्यात नांदेडचं स्थळ आलं. मुलाचं नाव गुरुलिंग, बँकेत साहेब. माणसं चांगली, बोलणं गोड, मुलगी पसंत. होकार-नकार आठ दिवसांत कळवा, म्हणून गेली. खानावळीत बातमी पसरायला आमटी वाढायचाही वेळ लागला नाही.

महानंदाला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की एका माणसानं काहीतरी बोलावं.

दुसऱ्या दिवशी पंगत भरलेली असताना केवळाबाईनं सगळ्यांच्या देखत भीमाशंकरला विचारलं, "तू तर जनावराचे गुण लांबून सांगतोस. नांदेडच्या ह्या स्थळाचं काय म्हणतोस?"

पंगतीतले हात थांबले. महानंदा वाढता वाढता ओसरीच्या काठाशी उभी राहिली, त्याच्या अगदी जवळ. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात तिच्या बाजूला ओसरीच्या कडेवर ठेवला.

"चांगलं स्थळ हाय, अक्का," तो मोठ्यानं म्हणाला. "सोडू नका."

महानंदानं आमटीचं भांडं खाली ठेवलं. रुमाल तिला दिसला, पण घाम पुसायला घेतला असेल असं वाटलं. हिशेब शिकलेली पोरगी ती. जे मांडलं ते खरं, जे बोललं ते खरं, एवढंच तिला माहीत. ती आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. धुराचं निमित्त बरं असतं, डोळ्यांना कुणी काही विचारत नाही.

बाहेर तो हात रुमालाखाली बराच वेळ तसाच होता. मग त्यानं रुमाल खांद्यावर टाकला, न जेवता उठला आणि गेला. पुन्हा आला नाही.

*

"गाय घ्यायची आहे," केवळाबाईनं देवणीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी जाहीर केलं. "दूधवाला निम्मं पाणी घालतोय, आन् ह्या दुष्काळात पाणी आणतोय कुठून देव जाणे. चल देवणीला."

"मी कशाला, आत्या?"

"माझी ओझी कोण उचलील? आन् नांदेडला काय कळवायचं, ते तिथून येऊन बघू."

उदगीरमार्गे एसटी देवणीला पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. बाजार गुरांनी भरला होता, पण गलका नव्हता. गाईंच्या बरगड्या दिसत होत्या. माणसं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती, विकायला आणलेल्याचीही माया सुटत नव्हती.

एका कडेला भीमाशंकरचा म्हातारा चुलता ईश्वरप्पा एका गिऱ्हाइकाशी भांडत होता. दोघांचे हात एका उपरण्याच्या पदराखाली.

"फुकट दिली तरी नको तुझी गाय," गिऱ्हाईक ओरडलं.

"मग हो बाजूला. तुला द्यायचीच न्हाई," मालकाच्या वतीनं ईश्वरप्पा ओरडला.

भोवतीच्या माणसांनी माना हलवल्या. महानंदाला वाटलं, आता हातघाईवर येतात. तेवढ्यात पदर बाजूला झाला, आणि गाईची दोरी निमूट गिऱ्हाइकाच्या हातात गेली.

"काका," तिनं न राहवून विचारलं, "भांडलात, आणि विकलीतही?"

ईश्वरप्पानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "अगं पोरी, तोंडाचं बोलणं ऐकणाऱ्यांसाठी. भोवती माणसं असली की आमच्यात कुणी खरं बोलतच न्हाई. उलटंच बोलायचं. रीतच हाय ती. पोरं त्याच्यात वाढतात, घरीदारी तसंच बोलतात. खरं काय ते खाली, हातात."

महानंदा तशीच उभी राहिली. तिला ओसरीची कड आठवली. भरलेली पंगत आठवली. लाल रुमालाखाली थांबलेला तो हात… आणि आपण आमटीचं भांडं ठेवून आत निघून गेलो, तेही.

"भीमाशंकर कुठं आहेत?"

"संघाच्या गोठ्यात. परवाच मुलाखतीचा निकाल लागला. चिटणीस झालाय, पण तोंड बघ त्याचं. मी म्हणतो, नोकरी लागली का दात पडला?"

भीमाशंकर वानेऱ्याच्या पुढं पाण्याचं घमेलं धरून उभा होता. आसपास संघाची माणसं होती, काही शेतकरी होते. तिला पाहताना घमेलं कललं आणि वानेऱ्याच्या तोंडावर पाणी उडालं.

"मास्तरीण बाई… नांदेडचं ठरलं आसंल."

तिनं त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि हात पुढं धरला. मग थांबली. थांबणं किती जड असतं हे तिला तेव्हा कळलं. त्यानं त्या दिवशी एवढ्या माणसांत कसं धरलं असेल हे…

"हात घातला की मागं फिरता येत न्हाई," तो हळू म्हणाला.

"ते शिकवलंय तुम्ही."

त्याचा हात रुमालाखाली आला. दोरीनं घट्टे पडलेला, पाण्यानं ओला. बोटांची ती भाषा तिला येत नव्हती, आणि त्यानंही भाव विचारला नाही. त्यानं तिच्या बोटांवर आपली पाची बोटं मिटली. तिनंही मिटली.

"काय चाललंय गं?" मागून केवळाबाईचा आवाज आला. माणसं वळून बघू लागली.

महानंदानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काही नाही, आत्या. ह्यांच्याशी काही जमत नाही."

भीमाशंकर तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ते गंजगोलाईतलं हसू आलं. "मलाबी परवडत न्हाई, अक्का. लई ताणून धरतात तुमच्या बाई."

केवळाबाईनं एकाचं तोंड पाहिलं, दुसरीचं पाहिलं. मग रुमाल पाहिला. तो जागचा हलला नव्हता. उभा जन्म मोंढ्यात धान्य घेतलेली बाई ती, हे उलटं बोलणं तिला नवं नव्हतं.

"जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या," ती दोघांहून मोठ्यानं म्हणाली. "नांदेडला होकार कळवते मी."

आणि गोठ्याच्या सावलीत बसून तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. सकाळी लातूरहून दोघीच निघाल्या होत्या. गाठोड्यात भाकरी मात्र तिघांच्या होत्या.