ओटीचे तांदूळ

बंदरावर उतरणाऱ्याच्या खिशात तुळशीचं वाळकं पान सापडलं, तरी ते भट्टीत जायचं. बी नाही, फळ नाही, केसांतली वेणीसुद्धा नाही. कारण एकच, काजळकाणी. ही भातावरची बुरशी. तिचे बीजकण उन्हाला भीत नाहीत, औषधाला दाद देत नाहीत, आणि खारं पाणी लागलं की उलट तरारून उठतात. त्यांना मारते ती फक्त आग. पूर्वेकडच्या बेटांवरचं भात तिने दोन हंगामांत काळं केलं, म्हणून ही वनस्पतिबंदी.

तपासनीस दिगंबर मयेकरने बारा वर्षांत एक दाणा आत येऊ दिला नव्हता. चुकला तो एकदाच. बेटांवरून सासरी आलेल्या शालनला सातवा महिना होता, आणि पदरात आईने भरलेली ओटी.

"दादा, ओटीचे तांदूळ हो! जाळू नका. पोटात पोर आहे माझ्या," ती रडायलाच लागली.

मयेकरचा हात भट्टीकडे वळेना. अन्न, त्यातून ओटीचं! निर्माल्य आपण पाण्यातच सोडतो ना? त्याने तिच्यादेखत तांदूळ खाडीत सोडले आणि नोंदीत लिहिलं, 'जाळले'.

भरतीचं पाणी खाडीकाठच्या खाजणातल्या शेतांत शिरलं. चार महिन्यांनी लोंब्या काळ्या पडल्या.

डॉ. नूतन खोत प्रयोगशाळेतून स्वतः आल्या. "मयेकर, प्रत्येक गावच्या बुरशीची कुळी वेगळी असते. ही शालनच्या माहेरची."

"म्हणजे... तांदळातून?"

"तांदूळ तर तुम्ही जाळलेत. सही आहे तुमची, बारा वर्षांचा विश्वास आहे. मग उरलं काय? तिचा श्वास. माणूसच वाहक! उद्यापासून बेटांवरचं माणूस आत नाही. आलेली परत."

"अहो बाई, तिथे खायला दाणा नाही!"

"मला काय हौस आहे?"

खाई त्याला खवखवे. मयेकरला वाटलं, सांगावं, आत्ताच सांगावं. पण खाजणातली चाळीस गावं त्याला जिवंत सोडतील का?

शालनला धक्क्यावर आणलं. कडेवर दोन महिन्यांची मुलगी, नवरा जाळीपलीकडे. ती मयेकरजवळ येऊन हळूच म्हणाली, "तांदळाचं फार खोदून विचारलं मला. जाळले, म्हणून सांगितलं. तुमचं नाव नाही घेतलं हं, दादा. माझ्या ओटीचा मान राखलात तुम्ही."

माणसांसाठी वेगळा फॉर्म अजून छापलेला नव्हता. मयेकरने नेहमीचाच पुढे ओढला. मालाचा प्रकार: माणूस. नग: दोन. शेरा: परत.

खाली सही करताना त्याचा हात जराही थरथरला नाही. पुढे जन्मभर त्याला भीती वाटली ती त्या हाताची.