दुसऱ्या पाटीवरची रेघ

दुपारचं जेवण उरकलं की थोरली संगणकापुढे बसायची आणि पुस्तक लिहायची. पुस्तक म्हणजे फार जाडजूड काही डोळ्यांपुढे आणू नका. एका बैठकीत वाचून संपेल एवढीशी गोष्ट. छापखाना नाही, कागद नाही. आपणच लिहायचं, आपणच बांधायचं आणि थेट इंटरनेटवर विकायला ठेवायचं. जन्मभर टेलिफोन खात्यात बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःचं काहीतरी बोलावं अशी हुक्की तिला निवृत्तीनंतर आली होती. मुखपृष्ठ एक चित्रकार करून द्यायचा आणि पुस्तक विक्रीलाही तोच चढवायचा. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर 'ताई, ताई' करत तो घरातलाच झाला होता.

आणि वाचक? पहिली वाचक धाकटी. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही, एकाच घरात केस पिकवले. दोघींकडे पुस्तकं वाचायचं एकेक यंत्र होतं. धाकटी त्याला 'पाटी' म्हणायची. दोन्ही पाट्या एकाच खात्यावर. थोरली कच्ची गोष्ट पाटीवर पाठवायची, धाकटी खिडकीशी बसून ती वाचायची आणि आवडलं नाही त्या वाक्याखाली बोटानं रेघ ओढायची. ती रेघ लगेच थोरलीच्या पाटीवरही उमटायची. नियम ठरलेला होता. रेघ मारली की वाक्य गेलं. वाद नाही, रुसवा नाही.

गोष्टीत अंधार आला की तर हमखास रेघ. "पुन्हा अंधार? विजेचं बिल भरलं नाहीस वाटतं," असं म्हणून धाकटी नाकाशी निलगिरीच्या तेलाचा रुमाल धरायची आणि खुसुखुसू हसायची. तिला बारमाही सर्दी होती. सगळ्या घराला त्या तेलाचा वास असायचा.

थंडीत ती दवाखान्यात गेली ती पाटी काखेत मारूनच. "उरलेलं तिकडे वाचते," म्हणाली. ती परत आली नाही. पाटीही आली नाही.

"ताई, ती दुसरी पाटी खात्यातून काढून टाका," चित्रकार म्हणाला. "दवाखान्यात कुणाच्या हाती लागली असेल, तर तुमचं कच्चं लिखाण तो माणूस फुकट वाचेल."

"वाचू दे की," थोरली म्हणाली. "कुणीतरी वाचतंय तरी."

खरं सांगायचं तर तिचा हात धजावत नव्हता. खात्यातल्या यादीत 'धाकटीची पाटी' असं लिहिलेलं होतं. ते पुसायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं होतं.

बरेच दिवस तिनं काही लिहिलं नाही. मग घर खायला उठलं तेव्हा पुन्हा बसली. बाहेरचं काही सुचेना, म्हणून आपल्याच घराची गोष्ट लिहायला घेतली. त्यात तिच्यासारखीच एक बाई, हीच खिडकी, हेच दार. चार पानं झाली तशी सवयीनं पाटीवर पाठवली आणि चहा घेऊन वाचायला बसली.

पाटी उघडली तर पडद्यावर चौकट आली. 'दुसऱ्या पाटीवर तुम्ही याच्या पुढच्या पानापर्यंत पोचला आहात. तिथे जायचं का?'

चहा निवून गेला.  मग तिनं 'हो' दाबलं. शेवटचं पान उघडलं, आणि त्यात एका वाक्याखाली रेघ होती. 'तिनं दाराला आतून कडी घातली.'

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. नाही हो. ती रडली. तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडली, आणि तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. वाक्य तसं चांगलं होतं. पण नियम म्हणजे नियम. तिनं ते काढून टाकलं.

संध्याकाळी दाराची कडी कोयंड्यात जाईना. लाकूड फुगलं असेल, असं म्हणून तिनं दाराला खुर्ची लावली.

मग ती रोज दुपारी लिहू लागली. पान पाठवायचं, थोडं थांबायचं, पाटी उघडायची. रोज तीच चौकट यायची. कुणीतरी तिच्या आधी पोचलेलं असायचं. पुढची रेघ आली ती समोरच्या घरात राहणाऱ्या शिंपीणबाईंवरच्या वाक्याखाली. थोरलीनं लिहिलं होतं, 'तिन्हीसांजेला समोरची बाई खिडकीतून हाक मारी, तेव्हा तिला जिवात जीव आल्यासारखं वाटे.' तिनं तेही वाक्य काढलं.

दुसऱ्याच दिवशी शिंपीणबाई दाराला कुलूप लावताना दिसल्या. "अहो ताई, मुलीला दिवसांआधीच कळा सुरू झाल्यात. जातेय तिच्याकडे. येईन कधीतरी." शिलाई मशीनचा खडखडाट थांबला. तिन्हीसांजेला हाक आली नाही. गल्लीत एवढी शांतता झाली, की थोरलीला स्वतःच्या घोटाचा आवाज ऐकू येऊ लागला.

तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली. धाकटीनं अशी वाक्यं कधी काढायला लावली नव्हती. ती काढायची ते फुगलेलं, शिळं, उगाच लावलेलं. मग हे कोण काढतंय? थोरलीनं खूप विचार केला आणि शेवटी एक सापळा लावला. नव्या पानात मुद्दाम लिहिलं, 'सगळीकडे काळाकुट्ट अंधार पसरला होता.' आणि खाली दुसरं वाक्य, अगदी साधं. 'घरात ती एकटीच होती.'

धाकटी असेल तर अंधाराला सोडणार नाही. अगं, सोडूच शकणार नाही! थोरलीनं पान पाठवलं आणि हात मांडीत घेऊन बसली. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं. मग तिनं पाटी उघडली.

अंधाराच्या वाक्याखाली काही नव्हतं.

रेघ खालच्या वाक्याखाली होती. ठळक, सरळ, टोकापासून टोकापर्यंत. 'घरात ती एकटीच होती.'

तिनं चित्रकाराला फोन लावला. "ती पाटी काढायची कशी असते रे?"

"सोपं आहे. यादीत नावापुढे 'काढा' आहे, ते दाबायचं. ताई... काय झालं? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. आमची धाकटी नाहीये ती."

"कोण नाहीये?"

तिनं फोन ठेवला. यादी उघडली. 'काढा'वर बोट नेलं. आणि इथे थोरलीचं चुकलं म्हणा, की बिचारीचा इलाज नव्हता म्हणा. ही पाटी गेली की तिचं लिहिलेलं वाचणारं जगात कुणी उरणार नव्हतं. समोरची खिडकी बंद होती. स्वयंपाकघरात एकच कप पालथा घातलेला होता. तिनं बोट मागे घेतलं, गोष्ट उघडली आणि एकटेपणाचं वाक्य शांतपणे काढून टाकलं.

दाराला लावलेली खुर्ची फरशीवर सरकली. हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या बेतानं. खिडकीशी धाकटीच्या जागेवर वेताची बैठक करकरली. थोरलीनं मान वळवली नाही. तिनं फक्त श्वास आत घेतला. निलगिरीचा वास यावा म्हणून तिनं मनातून हात जोडले.

वास आला तो ओल्या राखेचा.

"कोण...?" तिनं विचारलं. "सांग तरी... तुला आवडली का गोष्ट?"

 मांडीवरची पाटी आपसूक उजळली. पहिलं पान उघडलेलं होतं. वर पुस्तकाचं नाव, खाली थोरलीचं नाव. आणि त्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली एक रेघ उमटत होती, बोटानं ओढावी तशी, सावकाश, पुढे पुढे सरकत.  दोघी बहिणींचा नियम थोरलीला नको असताना आठवला.

दुसऱ्या दिवशी चित्रकाराला पूर्ण गोष्ट मिळाली. शेवट झालेला, सगळं नीट बांधलेलं. त्यानं ती विक्रीला चढवली आणि ताईंना कळवायला फोन केला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. मुखपृष्ठावर आपण त्यांचं नाव घातलं होतं, हे तो शपथेवर सांगतो. आता तिथे नुसती कोरी जागा आहे. आणि ते नाव काय होतं, हे काही केल्या त्याला आठवत नाही.

पुस्तक अजून मिळतं. पण एक गोष्ट तो कुणाला सांगत नाही. त्यानं ते तपासायला म्हणून स्वतःच्या पाटीवर घेतलं होतं. त्याचं खातं वेगळं, त्याच्याकडे पाटीही एकच. पुस्तक पहिल्यांदाच उघडत होता, आणि पडद्यावर चौकट आली.

'दुसऱ्या पाटीवर तुम्ही याच्या पुढच्या पानापर्यंत पोचला आहात. तिथे जायचं का?'