डावीकडचा दिवा

गाडीच्या आतल्या दिव्यांचं दुखणं तसं किरकोळ असतं. तीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग करतोय. गिऱ्हाईक चहा संपवतं तोवर बहुतेक दिवे लागलेले असतात. ताईच्या व्हॅनचंही तसंच होईल असं मला वाटलं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची बेकरी आहे. पहाटे साडेचारला पावांचे ट्रे व्हॅनमध्ये भरायचे आणि उजाडायच्या आत गावाबाहेरच्या सरळ रस्त्याने जाऊन चौदा दुकानांत पोचवायचे, हा तिचा वीस वर्षांचा नेम. गाडी कायम तीच चालवायची. भाऊजींना चालवता येत नव्हतं. ते तिच्या डावीकडे बसून यादी वाचायचे आणि तिला झोप लागू नये म्हणून विनोद सांगायचे. विनोद इतके वाईट, की ताई म्हणायची, "झोप परवडली." भाऊजी गेले त्यानंतर ती एकटीच जाऊ लागली. मदतनीस ठेव म्हटलं तर नाकावर माशी बसू देईना.

"यादी वाचता येत नाही रे," एकदा ती म्हणाली. "दिवे पिवळे आणि डोळे म्हातारे."

म्हणून मी व्हॅनच्या पुढच्या भागातले जुने बल्ब काढून एलईडी बसवले. प्रकाश कसा, दुपारसारखा. मागे ट्रे असतात तिथे दिवा कधी नव्हताच, तिथे मीही लावला नाही.

आठवड्याने ताई व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये आली. तक्रारी तीन. मधला दिवा लागतच नव्हता. तो उलटा बसला होता. जुना बल्ब कसाही बसवला तरी लागतो, एलईडीला उलटसुलट कळतं. दाराजवळचा फडफडत होता, त्याला रेझिस्टर जोडला. आरशावरचा बंद केल्यावरही मिणमिणत राहायचा.

"हे भूतबित काही नाही," मी म्हणालो. "बटणातून थेंबभर वीज गळते. जुन्या बल्बला तेवढी पुरत नव्हती, याला पुरते. गळती आधीपासूनच होती, दिसते आता."

ताई हसली. "म्हणजे आधीपासून होतंच."

"होतंच." मी बटण बदललं. ती निघाली तसं विचारलं, "आणखी काही?"

ती दारात घुटमळली. "डावीकडचा लागतो कधीकधी. गाडी चालू असताना, आपोआप. तो असू दे."

डावीकडचा म्हणजे भाऊजींच्या सीटवरचा. माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत दिवा आपोआप लागतो, हे मला कसं खपावं? ती आत हात धुवायला गेली तेवढ्यात मी छताचं अस्तर सैल केलं, त्या दिव्याची वायर कापली आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळून ठेवली. सवडीने मूळ शोधू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आजपण लागला होता बरं का."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणालो, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

पहाटे बेकरीत गेलो तेव्हा ट्रे भरून झाले होते. मी आधी अस्तर बाजूला करून पाहिलं. वायर कापलेलीच, टेप जशीच्या तशी. मीटर लावला, शून्य. मी डावीकडे बसायला गेलो तर ताई म्हणाली, "तिथे नको. मधल्या फळीवर बस." मी बसलो.

गाव मागे पडलं. धुकं इतकं दाट, की पुढचे दिवे दहा हातांवर विरघळत होते. आत ताज्या पावाचा उबदार वास. इंजिनची एकसुरी घरघर. ताई बेकरीतल्या भट्टीबद्दल काहीतरी सांगत होती. "विटा बदलायला हव्यात... एक बाजू नीट..." तिचं वाक्य लांबलं, पातळ झालं, आणि थांबलं.

मी तिच्याकडे वळून बघणार, तेवढ्यात डावीकडचा दिवा लागला.

खटका नाही, फडफड नाही. माझ्या एलईडीसारखा पांढराही नाही. पिवळा, जुन्या बल्बसारखा. त्या उजेडात रिकामी सीट होती, आणि बसलेल्या माणसाच्या भाराने दबावी तशी ती मधोमध दबलेली होती.

ताईने डोळे उघडले. मान ताठ केली, स्टिअरिंग सरळ केलं. गाडीचं चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेलं होतं, ते परत आलं. दिवा विझला.

"ताई," मी म्हणालो. "तुला झोप लागली होती."

"क्षणभर."

"रोज लागते?"

तिने गिअर बदलला. "रोज नाही. पण लागली, की ते लावतात ना..."

मला भीती वाटली. पण खरं सांगतो, दिव्याची कमी आणि त्या खडीची जास्त. भाऊजींना जाऊन वर्ष झालं होतं, आणि माझी बहीण रोज पहाटे या रस्त्यावर मरणाच्या हातभर अंतरावरून परतत होती. मला, सख्ख्या भावाला, त्याचा पत्ता नव्हता. मी तिला गाडी थांबवायला लावली.

"उतर. मी चालवतो. उद्याही मीच चालवणार, परवाही."

"तुझं गॅरेज?"

"ते नऊला उघडतं."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती मुकाट्याने उतरली, वळसा घालून डावीकडे आली. सीटपाशी क्षणभर थांबली. "सरका," असं काहीतरी पुटपुटली आणि बसली. पहिल्या दुकानापर्यंत ती घोरत होती.

तेव्हापासून मीच चालवतो. ताई डावीकडे झोपते, चेहरा बरा झालाय, दोन किलो वजनही वाढलंय. तो दिवा पुन्हा कधी लागला नाही. कापलेली वायर मी जोडली नाही, जोडणारही नाही.

फक्त एक आहे. आमच्या पाठीमागे, ट्रेच्या भागाकडे बघायला वीतभर काच आहे. सरळ रस्त्याला लागलो, की कधीकधी त्या काचेतून पिवळा उजेड येतो. मी वळून बघत नाही. रस्त्यावर लक्ष ठेवतो आणि डोळे टक्क उघडे ठेवतो.

ट्रे मी स्वतः रचतो, एकाला एक खेटून, बोट शिरणार नाही असे. पहिल्या दुकानापाशी मागचं दार उघडलं, की ते दोन्ही बाजूंना सरकलेले असतात. मधे एक माणूस गुडघे जवळ घेऊन बसेल एवढी जागा असते. थंडीच्या दिवसांत तोवर पाव निवलेले असतात. तिथला पत्रा मात्र हात लावला तर कोमट लागतो.