उंबऱ्याबाहेरची तलवार

घोणसगडाचा पूर्वेकडचा कडा उजळू लागला तेव्हा खालच्या खोऱ्यात मोगली छावणीच्या शेकोट्या अजून धुमसत होत्या, आणि धुक्यातून वर डोकावणारे तंबूंचे कळस मोजता मोजता बुरुजावरचा पहारेकरी कंटाळून गेला होता. माघ सरता सरता पडलेला वेढा वैशाख अर्धा झाला तरी हटला नव्हता. अंबारखान्यात धान्य होते, टाक्यांत पाणी होते, तोफा शाबूत होत्या. तोटा पडला होता तो दारूचा, आणि दारूवाचून तोफ म्हणजे नुसता पितळेचा ओंडका! दारूखान्यातले गडी तटावर एकामागून एक कामी आले, तेव्हा हवालदार जोत्याजीरावांनी हुकूम सोडला, की गडावरच्या बायकांनी दारू कांडावी.

त्या बायकांची नावे कोणत्याही शाहिराने घेतली नाहीत. शाहिरांना तलवारी दिसतात, मुसळे दिसत नाहीत, त्याला आमचा इलाज नाही. म्हणून त्यांची हकिकत आम्हीच सांगतो.

दारूखाना पूर्वेच्या बुरुजाच्या पोटात होता. जाड दगडी भिंती, वर उजेडापुरते झरोके आणि मागल्या अंगाला एक लहान दिंडी. त्या दिंडीतून कातळात खोदलेला अंधारा जिना कड्याच्या कपारीपर्यंत उतरे. शांततेच्या दिवसांत कपारीपर्यंत दोरांनी ओढलेली कोळशाची पोती त्याच वाटेने वर येत. आत सोरा, गंधक आणि कोळसा ओला करून लाकडी उखळांत कांडायचा, कातड्यांवर वाळवायचा आणि बुधल्यांत भरायचा, हे बायकांचे काम. एक ठिणगी उडाली तर बुरुजासकट सगळ्यांची राख होणार, म्हणून इथली रीत देवळाहून कडक होती. घरच्या मुसळांच्या टोकांवरच्या लोखंडी वसव्या ठोकून काढलेल्या. उंबऱ्याबाहेर एक लाकडी काथवट ठेवलेली. जोडवी, पाटल्या, पैंजण, जे काही धातूचे असेल ते तिच्यात उतरवायचे, पाय धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. पुरुषांनाही सूट नव्हती; सूट होती ती फक्त नाईकाच्या कमरेच्या पितळी किल्ल्यांना. खुद्द हवालदार आले तरी नाल ठोकलेले जोडे आणि कमरेची तलवार उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत येत.

या बायकांची मुकादमीण होती बायजा लोणारीण. विधवा बाई, काथवटीत उतरवायला तिच्यापाशी काहीच नव्हते. तिचा नवरा बहिर्जी याच दारूखान्याचा नाईक होता. गेल्या पावसाळ्यात दारूत तूट आली, चोरीचा आळ बहिर्जीवर आला, आणि जोत्याजीरावांनी पुरती चौकशी न करता त्याचा कडेलोट करविला. मागून नाईकी मिळाली ती बहिर्जीच्या धाकट्या भावाला, सुभानजीला. सुभानजीने भावजयीला आणि तिच्या लेकीला, ठकूला, काही कमी पडू दिले नाही. ठकू त्याचा जीव की प्राण होती. आता आईच्या शेजारी बसून तीही मुसळ चालवत होती.

त्या दिवशी सूर्य वर येतो न येतो तोच पश्चिमेच्या महादरवाज्यावर मोगलांचा जोराचा हल्ला आला. नगारे वाजू लागले, शिंगे फुंकली गेली, आणि जोत्याजीराव गडावरचा झाडून सारा शिबंदी-लोक घेऊन तिकडे धावले. पूर्वेचा कडा सरळसोट तुटलेला. दिंडीला आतून कुलूप. तिकडून वाऱ्याशिवाय कोण येणार, या भरवशावर तिकडचे पहारेही उठले. दारूखान्यात मात्र मुसळांचा ठेका थांबला नाही. तोफांना आज दारू जास्तच लागणार होती.

एवढ्यात सुभानजी उंबऱ्यावर आला. त्याने जोडे काढले, तलवार सोडून भिंतीला टेकवली, पाय धुतले आणि आत शिरला. घामाने त्याचा अंगरखा भिजला होता. थेट बायजापाशी येऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ठकूला घ्या अन् देवीच्या देवळात जाऊन बसा. मी बोलवंस्तवर भाईर येऊ नका."

"आन् ही दारू कोन कांडणार? तटावर लढाई जुंपलीया, भावोजी."

"तुमाला जा म्हनतो ना!"

बायजाने मुसळ उखळात उभे केले. "ह्या समद्यांनी जायाचं का म्या एकटीनंच?"

सुभानजीचा हात कमरेच्या किल्ल्यांवर होता आणि डोळे दिंडीकडे. बायजाला सारे उमगले.

"कोन हाय दिंडीम्होरं?"

"कोन असायचं? ज्यांनी माझ्या भावाला कड्यावरनं ढकललं, त्यांचा काळ हाय!" सुभानजीचा आवाज फुटला. "इसरलात का? धाय मोकलून रडलात तवा कोन आलं व्हतं पुसायला? ज्या गडानं तुमचं कुकू पुसलं त्यो गड आज बुडू द्या. तुमच्या दोघींच्या जिवाचा कौल मोगलांकडनं घेतलाय म्या."

"आन् ह्या बाया? तान्हं लेकरू घरी सोडून आल्याली सगुना? ती म्हातारी तुकाई? कापून काढतील त्यास्नी."

"लढाईत व्हायाचं ते व्हनारच," असे बोलून सुभानजी वळला. दिंडीचा अडसर त्याने उचलला आणि कुलपात किल्ली फिरवली.

बायजा मुसळ घेऊन त्याच्या आड आली. "गडासाठी न्हाई म्हनत म्या. पर ह्या बायांच्या अंगावर दार न्हाई उगडू देनार. मागं सरा, भावोजी."

सुभानजीचा हात सवयीने कमरेला गेला. कमर रिकामी होती. गड विकायला निघालेल्या माणसाने उंबऱ्यावर रीत पाळली होती. वर्षानुवर्षांची सवय, हातांनी केली आणि डोक्याला कळलीही नाही. तलवार बाहेर भिंतीला टेकून उभी होती. त्याने बायजाचे मुसळ धरायला झडप घातली, आणि बायजाने, ज्या दिराला तिने लग्न होऊन आल्यावर पहिला घास भरवला होता त्याच्या मस्तकावर, दोन्ही हातांनी मुसळ घातले. कवटी फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुभानजी उखळावर आडवा झाला आणि काळ्या दारूत त्याचे रक्त मिसळले.

"काका!" ठकूने किंकाळी फोडली.

पण रडायला सवड नव्हती. बाहेरच्या धक्क्यासरशी दिंडी उघडली आणि पहिला शिपाई नंगी तलवार घेऊन आत शिरला. वाट एका वेळी एकाच माणसाची. तुकाईने त्याच्या गुडघ्यावर मुसळ हाणले. तो कोसळताना त्याची तलवार म्हातारीच्या पोटातून आरपार गेली. बाकीच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या आणि धान्य कांडावे तसे त्यांनी त्याला कांडले. दुसऱ्याच्या हातात बंदूक होती, आणि बंदुकीचा तोडा, बार पेटवायची वात, जळत होता! दारूखान्यात विस्तव! ठकूने डोळे पुसले नाहीत. सोरा भिजवायच्या पाण्याचा मातीचा डेरा उचलून तिने त्याच्या अंगावर रिता केला. तोडा विझला. सगुणाने त्याला दिंडीतून मागे ढकलले, तो गडगडत जिन्यावर गेला आणि पाठचे दोघे घेऊन पडला.

बायजाने अंधारात डोकावून पाहिले. खाली जिनाभर माणसे खच्चून भरलेली आणि जागोजाग जळत्या तोड्यांचे लाल डोळे. वाळली दारू सारी तोफांकडे गेली होती; उरलेला एकच भरला बुधला तिने उचलला, तोंड मोकळे केले आणि पायऱ्यांवरून सोडून दिला.

"दार लोटा! पाठी लावा, बायांनो, पाठी लावा!"

सगळ्याजणींनी दाराला पाठी दिल्या. आणि मग जिना पेटला. कातळाचे पोट फाटल्यागत आवाज झाला, दिंडी बिजागऱ्यांतून उखडून आत आली, दाराच्या फटीतून निघालेल्या ज्वाळेने बायजाचा उजवा हात आणि अर्धा चेहरा भाजून काढला. सगुणा दाराखाली चेंगरून जागच्या जागी गेली. तिचे तान्हे लेकरू त्या वेळी घरी भुकेने रडत असेल. ओल्या जमिनीने आणि ओल्या उखळांनी मात्र आग धरली नाही. जिन्याचे छत कोसळले होते. त्या दगडांखालून काही वेळ माणसांचे विव्हळणे येत राहिले, मग तेही थांबले. पूर्वेची वाट कायमची बुजली.

पश्चिमेचा हल्ला हटल्यावर जोत्याजीराव धावत आले. खांद्याला जखम, अंगरखा रक्ताने माखलेला. तरीही उंबऱ्यावर त्यांनी जोडे काढले. आतला प्रकार त्यांनी पाहिला, बायकांकडून ऐकला आणि ते बायजापुढे आले.

"बाई, आज गड तुम्ही राखलात," ते म्हणाले. "मागाल ते देऊ. संकोच न धरावा."

"भावोजींचं मढं द्या, सरकार."

बरोबरचा सरनौबत उसळून म्हणाला, "फितुराचे प्रेत कड्यावरून टाकावे, ऐसी गडाची रीत आहे!"

"ठावं हाय," बायजा म्हणाली. भाजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. "माझ्या धन्याला तसंच टाकलं. खाली गिधाडं बसली व्हती, आन् म्या वरनं बगत व्हते. येक तरी मढं माझ्या हाती द्या."

जोत्याजीरावांचा चेहरा उतरला. "बहिर्जी निर्दोष होता," ते हळूच म्हणाले. "तूट आली ती ओल लागून नासलेल्या दारूची. मागाहून, हिवाळ्यात, आम्हांस कळले. आमची चूक झाली हे तोंडाने कबूल करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही."

"ह्ये मोठ्यानं बोला. समद्या गडाला ऐकू जाऊ द्या."

आणि हवालदारांनी सदरेवर, साऱ्या शिबंदीसमोर, पगडी उतरवून ते शब्द उच्चारले. जोत्याजीराव शूर होते, आजही ते मोहऱ्यावर लढले होते. पण हेच शब्द त्यांनी हिवाळ्यात उच्चारले असते, तर सुभानजी फितला नसता, तुकाई मेली नसती आणि सगुणाच्या लेकराला आई असती. हे बायजाला कळत होते. तिने हवालदारांना क्षमा केली नाही, आणि त्यांनीही ती मागितली नाही.

तीन चिता शेजारी शेजारी पेटल्या. सुभानजीला अग्नी ठकूने दिला, कारण दुसरे कोणी पुढे आले नाही. उंबऱ्याबाहेरचे जोडे बायजाने त्याच्या पायांशी ठेवले. तलवार तिने हवालदारांकडे परत पाठवली. संध्याकाळी तिच्या घरी चांदीचे कडे आले, हवालदारांच्या स्वतःच्या हातातले.

दुसऱ्या दिवशी मोगलांच्या तोफा पुन्हा बोलू लागल्या. बायका दारूखान्यापाशी जमल्या. उजव्या हाताला पाला बांधलेली बायजा सगळ्यांच्या मागून आली. तिच्या डाव्या मनगटात ते कडे होते. तिने पाय धुतले. मग ठकूकडून कडे काढून घेतले, काथवटीत बायकांच्या जोडव्यांवर ठेवले, आणि एका हाताने मुसळ उचलायला आत गेली.