आधी चांदवडला कळलं

या गं पोरींनो, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलं की कीर्तनातही रंग चढत नाही आणि गोष्टीतही. आज एका जुन्या लॅपटॉपची आणि दोन शहाण्या वेड्यांची गोष्ट सांगते.

२००४ सालची थंडी. भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात तेजलने एका जाडजूड लॅपटॉपवर हात ठेवला आणि पलीकडून आणखी एक हात त्यावर येऊन टेकला.

"हा मी आधी पाहिला होता," तो म्हणाला.

"पाहिलात. उचलला नाहीत."

तो हसला. सुयश त्याचं नाव. ओझरच्या कारखान्यात नोकरी आणि नाद हॅम रेडिओचा... म्हणजे सरकारी परवाना काढायचा आणि आपल्या यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी गप्पा मारायच्या. डोंगरावर नेता येईल असा संगणक तो शोधत होता.

"पण यावर विंडोज रांगेल हो."

"मग घालताय कशाला?" तेजल मुलांना संगणक शिकवायची. "हलकं लिनक्स घालू. एका छोट्या सीडीत मावतं. म्हातारं यंत्रही टुणकन उठतं."

"घालू म्हणजे... कोण कोण?"

तेजल गोरीमोरी झाली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "दोघं मिळून न्या. पण न्या बाबा एकदाचा."

तसाच नेला. तिने लिनक्स घातलं, त्याने रेडिओ जोडला. वर्षभरात तिनेही परवाना काढला. मनात काय उगवायचं ते उगवलं, पण बोललं कोणीच नाही. मग सुयशला बंगळुरूची नोकरी आली. "जाऊ का?" असं त्याने विचारलंही होतं. ती म्हणाली, "चांगली संधी आहे," आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही.

तो सोमवारी निघणार होता. आदल्या रविवारी दोघं रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी गेली. उंबरावर एरियलची तार टाकली, लॅपटॉप आणि रेडिओ मोटारीच्या बॅटरीला जोडले. यात बोलायचं नसतं, टाइप करायचं. अक्षरांची शीळ होऊन हवेतून जाते आणि पलीकडच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं होतात. पलीकडे होते चांदवडचे सहादूकाका, निवृत्त मास्तर, भलते गप्पिष्ट. पडद्यावर वर त्यांचं यायचं, खाली आपलं आधीच लिहून ठेवायचं. आपली पाळी आली की बटण दाबायचं, साठलेलं सगळं एकेक अक्षर करत जातं, आणि त्या लहरीवर असलेल्या गावोगावच्या सगळ्या हौशींना दिसतं.

काकांचं थंडी आणि कांदा यांवर चाललेलं. तार घसरली म्हणून सुयश उंबराकडे गेला. तेजलची बोटं मात्र खालच्या चौकटीत चालू लागली... नंतर पुसायचंच होतं ना!

"जाऊ नकोस म्हणत नाही. पण मला असं मागे ठेवून जाऊ नकोस, सुयश. मला तू हवा आहेस."

"काकांचं झालं वाटतं," म्हणत सुयश मागून वाकला आणि त्याने बटण दाबलं.

लाल दिवा लागला. अक्षरं निघाली, सावकाश, एकामागून एक. तेजलने झेप घेतली, तर त्याने तिचा हात वरच्यावर धरला.

"सुयश, बंद कर... सगळे वाचतायत."

"मीही वाचतोय. मध्येच तोडू नकोस."

तो गालात हसत होता. मजकूर संपला. थोडा वेळ नुसती खरखर. मग काकांची शीळ आली:

"तेजल, निरोप पूर्ण पोहोचला. एक अक्षर गळलं नाही. आता ही जागा सुयशच्या उत्तरासाठी मोकळी. बाकीच्यांनी हात आवरावा."

आणि खरोखर, ओझर गप्प, नांदगाव गप्प. सुयश एका हाताने टाइप करू लागला. दुसरा हात कुठे मोकळा होता!

"आज संध्याकाळी आईला घेऊन मखमलाबादला तेजलच्या घरी येतो. तिने थांबावं. बंगळुरूला पुढे दोघांनी जावं."

"हे तोंडाने सांगता येत नाही का तुला?"

"तू सांगितलंस तोंडाने?"

तिने हात काही सोडवला नाही.

दोघांचा संसार देवाने चांगला चालवलाय. काका मात्र आता नाहीत. तेव्हा पोरींनो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा चांदवडच्या सहादूकाकांना क्षणभर आठवा. बोलण्याची एवढी हौस असलेला माणूस, पण त्या दिवशी दोघांसाठी गप्प बसला.